भूल, वेदना आणि कर्करोग

घरातील कोणाची कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली, की शल्यवैद्य कोण, याची चौकशी सारे करतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव मात्र बहुधा कोणालाच ठाऊक नसते. वास्तविक या शस्त्रक्रियेची वाट प्रथम मोकळी केली ती भुलीच्या एका मिश्रणाने, आणि तीही युरोपात नव्हे, तर जपानमधील एका खेड्यात.

हिरायामा हे ते गाव आजच्या वाकायामा जिल्ह्यात येते. तेथील वैद्य हानाओका सेइशू यांनी १३ ऑक्टोबर १८०४ रोजी आइया कान या ६० वर्षांच्या स्त्रीच्या स्तनातील कर्करोगाची गाठ तिला पूर्ण गुंगीत ठेवून काढली. त्यांनी दिलेला काढा सहा वनस्पतींचा होता. त्यातील दोन आपल्याही परिचयाच्या आहेत : धोतरा आणि बचनागाच्या जातीची मुळी. दोन्ही विषारीच. नुसता धोतरा माणसाला शांत झोपवीत नाही, तो त्याला भ्रमिष्ट करतो. बचनाग हृदयाचे ठोके बिघडवतो. अशा द्रव्यांची मात्रा जुळविण्यात हानाओका यांची सुमारे वीस वर्षे गेली.

मात्रा ठरविण्यासाठी काढा कोणाला तरी पाजणे भाग होते. त्यांची आई व पत्नी काए या दोघी त्यासाठी पुढे आल्या, असे परंपरेने सांगितले जाते. या प्रयोगांत आई दगावली आणि काए यांची दृष्टी गेली. सावाको आरियोशी या लेखिकेने १९६६ साली या विषयावर कादंबरी लिहिली, ती वैद्याच्या नव्हे, तर त्याच्या पत्नीच्या बाजूने. मला ते योग्य वाटते. वैद्याला कीर्ती मिळाली. मोल मात्र घरातील बायकांनी दिले.

पुढे हानाओका यांनी दीडशेच्या वर स्त्रियांच्या स्तनांतील गाठी काढल्या. परंतु शिष्यांना काढ्याचे गुपित राखण्याची शपथ असे, आणि जपानची दारेही परकीयांना जवळजवळ बंद होती. जगाला याची गंधवार्ता नव्हती.

म्हणूनच सात वर्षांनी, ३० सप्टेंबर १८११ रोजी, पॅरिसमध्ये इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांचा स्तन नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शल्यवैद्य लारे यांनी काढला, तेव्हा त्यांना केवळ थोडेसे मद्य मिळाले होते. त्या सर्व वेळ जवळजवळ शुद्धीवरच होत्या. पुढे बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी ते सारे नोंदविले आहे.

दैवाची गंमत पाहा. वेदनेवाचून शस्त्रक्रिया झालेली जपानी स्त्री सहा महिन्यांच्या आतच वारली. सर्व यातना सोसलेल्या बर्नी १८४० पर्यंत जगल्या. दोघींचे आजार सारखे होते असे म्हणता येणार नाही. पण वेदना टळणे वेगळे आणि रोग जाणे वेगळे, हे दोन नोंदी शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन यांनी इथरची भूल जाहीरपणे देऊन दाखविली. मात्र एकट्या इथरने स्नायू सैल पडावेत तर मात्रा फार द्यावी लागे; मग रुग्ण उशिरा शुद्धीवर येई, त्याला ओकाऱ्या होत. १९२६ साली अमेरिकेतील जॉन लंडी यांनी अनेक औषधे थोडी थोडी वापरून भुलीचा तोल साधण्याची कल्पना मांडली. १९४२ साली माँट्रियलला हॅरल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे हे स्नायू सैल करणारे द्रव्य शस्त्रक्रियेत वापरले. झोपेसाठी एक, वेदनेसाठी दुसरे, स्नायूंसाठी तिसरे अशी वाटणी झाल्यावर हलकी भूल पुरेशी होऊ लागली आणि लांबलचक शस्त्रक्रियाही आवाक्यात आल्या.

मग जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला : या मिश्रणाचा रोग उलटण्याशी काही संबंध आहे काय? शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीराची प्रतिकारशक्ती तात्पुरती मंदावते. अफूवर्गीय औषधे व हुंगण्याची भूल तीत भर घालतात, अशी शंका होती. पाठीच्या मणक्यालगत बधिरतेचे इंजेक्शन दिलेल्या स्त्रियांमध्ये कर्करोग कमी उलटला, असे २००६ साली एका लहान पाहणीत आढळले. आशा वाढली. परंतु २१०८ स्त्रियांवरील मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गटांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे १० टक्केच निघाले. सहा महिन्यांनंतर जखमेत दुखत असल्याचे सांगणाऱ्याही दोहोंकडे ५२ टक्के.

हा विषय येथेच संपला असता. पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. नेहमीची भूल दोन्ही गटांना होतीच. एका गटात स्तनातील गाठीच्या सभोवार लिडोकेन टोचले. दात काढताना हिरडीत देतात तेच हे स्वस्त औषध. भारतातील ११ केंद्रांतील सुमारे १६०० स्त्रियांवरील हा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ९०.१ टक्के, तर न घेतलेल्यांत ८६.४ टक्के होते. अन्य अवयवांच्या कर्करोगाविषयी हा प्रयोग काही सांगत नाही. तो त्याचा विषयच नव्हता. खर्च नगण्य. इंजेक्शननंतर शल्यवैद्याने ७ ते १० मिनिटे सुरी थांबवून धरायची, एवढेच.