सांगोल्याचा कौल

मराठ्यांच्या इतिहासात सांगोल्याचे नाव एका करारामुळे राहिले आहे. १७५० साली यमाजी शिवदेव सांगोल्याच्या गढीत बंडाचा पवित्रा घेऊन बसला. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांसह तेथे गेले. बंड मोडले, आणि त्याच मुक्कामी रामराजांनी राज्यकारभाराचा अधिकार पेशव्यांच्या हाती दिला. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली. पण आसपासच्या कुणब्याला कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतच नव्हती!

ती रीत पडावयास दोन शतके लागली. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला अवघ्या १५ आल्या. त्या पंधरांत सांगोला होते आणि तेथून निवडून आलेल्या तरुण वकिलाचे नाव होते गणपतराव देशमुख.

सांगोला हा माणदेशाचा मुलूख. माण नदी आहे, पण पाण्यापेक्षा वाळूच अधिक. 'हरिविजय' लिहिणाऱ्या श्रीधरकवीचे नाझरे याच तालुक्यातले. पाऊस पाठ फिरवतो, मग माणसे गुरे घेऊन, नाही तर कोयता घेऊन, परमुलखाची वाट धरतात. अशा ठिकाणी मत मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न पाण्याचाच असावयाचा. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळावे म्हणून १९९३ पासून आटपाडीस पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या जोडीने गणपतराव त्यांत अग्रभागी होते. पुढे टेंभू योजनेचे पाणी या भागाकडे वळले आणि खडकाळ माळावर डाळिंबाच्या बागा लाल होऊ लागल्या. शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणीही येथे उभी राहिली.

मात्र सांगोल्याने आपले मत कोणास कायमचे लिहून दिले होते, असे समजू नये. १९७२ साली त्याने गणपतरावांना घरी बसविले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत बोलाविले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९० असे विजय मिळाले. १९९५ साली मात्र काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांचा पराभव केला, तो अवघ्या १९२ मतांनी! एखाद्या वाडीतली शंभर माणसे जरी उलट बाजूस गेली असती, तरी निकाल फिरला असता. १९९९ मध्ये पारडे पुन्हा झुकले आणि २०१४ पर्यंत तसेच राहिले. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या वतीने, अकरा वेळा! राज्यभर तो पक्ष आटत गेला, तरी ही विहीर आटली नाही. दोनदा मंत्रिपद मिळाले, पण साध्या राहणीची त्यांची ख्याती अखेरपर्यंत टिकली.

२०१९ साली त्यांनी निवृत्ती पत्करली. नातू अनिकेत उभे राहिले आणि शिवसेनेकडून लढणाऱ्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२१ च्या जुलैत गणपतराव निवर्तले. पुढच्याच वर्षी शहाजीबापूंनी गुवाहाटीहून दूरध्वनीवर केलेले तिथल्या झाडीडोंगरांचे वर्णन साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. पण गाजलेले बोलणे निराळे आणि पडलेले मत निराळे. २०२४ मध्ये गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब यांनी तिरंगी लढतीत त्यांना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी मागे टाकले.

ही आजोबांची पुण्याई म्हणावी काय? थोडीफार असेलही. पण केवळ घराण्याच्या नावावर मत पडत असते, तर २०१९ चा निकाल लागलाच नसता. आजोबांनाही सांगोल्याने दोनदा घरी बसविलेच होते. त्या पराभवांमुळेच अकरा विजयांना मोल येते. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला अर्थ असतो. १७५० साली या मातीत राज्याचा करार झाला, तो एकदाच. आता मात्र तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, आणि त्यावर शिक्का उमटतो तो माणदेशच्या शेतकऱ्याचा.