वरठीवरून गेलेली गाडी आणि परक्या चालीतलं गाणं

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, कारण आज मध्येच तुम्हाला बोटांनी ठेका धरायला लावणार आहे.

सुरुवात आपल्या मोहाडी तालुक्यातून करू. मोहाडीचं कोणी नागपूरला जायला रेल्वे पकडतं तेव्हा बहुतेक वेळा वरठीला जातं. स्टेशनच्या पाटीवर नाव ‘भंडारा रोड’ असलं तरी गाव वरठी, आणि तालुका मोहाडी. इथून एका दिशेला नागपूर. दुसऱ्या दिशेला तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. ही लाइन जुनी आहे. आधी नागपूर-छत्तीसगड रेल्वे म्हणून छोट्या रुळांची होती, पुढे बंगाल-नागपूर कंपनीने ती घेतली आणि रूळ मोठे केले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९३ च्या आसपास, याच लाइनवरून एक तिशीतला मराठी कवी नागपूरहून राजनांदगावला निघाला होता. नोकरी शोधत होता. नाव नारायण वामन टिळक. लोकमान्य वेगळे बरं का, हे पुढे ‘रेव्हरंड टिळक’ म्हणून ओळखले गेले ते. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही बाण लागलेल्या पक्षिणीची कविता वाचली असेल, तर ती यांचीच. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं होतं. हिंदू धर्मावर चर्चा करणारं.

डब्यात समोर एक युरोपियन गृहस्थ बसले होते. बोलणं निघालं ते कवितेवरून. संस्कृत काव्यावर दोघांच्या गप्पा रंगल्या. उतरायच्या आधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि म्हणाले की, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते पटलं नाही. पण पुस्तक उघडलं, डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि मन अडकलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत घरात मोजली गेली. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो सगळा काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलाय. मराठीतलं हे पुस्तक वाचलं नसेल तर जरूर वाचा. रडवतं, आणि त्याच पानावर हसवतंही.

आपला आजचा विषय मात्र पुढचा आहे. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले. रविवारी प्रार्थनेला बसले. आणि एका कवीच्या कानाला जे खटकायचं, ते खटकलं. लोक मराठीत गात होते, पण गाणं मराठी वाटत नव्हतं.

का, ते समजून घ्यायला आधी इंग्रजी भक्तिगीत कसं चालतं ते बघू.

‘अमेझिंग ग्रेस’ तुम्ही यूट्यूबवर कधी ना कधी ऐकलं असेल. शब्द जॉन न्यूटन या इंग्रज धर्मोपदेशकाचे, १७७९ मध्ये छापलेले. आज आपण जी चाल ऐकतो, ती या शब्दांना जोडली गेली १८३५ मध्ये, अमेरिकेत. म्हणजे शब्द छापल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी! हे जमतं कसं? कारण इंग्रजी प्रार्थनागीतांची मापं ठरलेली असतात. सगळ्यात प्रसिद्ध माप म्हणजे ‘कॉमन मीटर’. चार ओळी, त्यात अनुक्रमे ८, ६, ८, ६ उच्चार. या मापातलं कुठलंही गीत या मापाच्या कुठल्याही चालीत बसतं. टाइप-सी चार्जरसारखं. फोन कोणताही असो, पिन एकच.

आपल्याकडे अशी पिन नव्हती का? होती की. अभंग. मोठ्या अभंगात चार चरण, ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. एका अभंगाची चाल दुसऱ्या अभंगाला लावता येते, आणि गावोगावची भजनी मंडळं ते रोज करतात. ओवीचंही तसंच. जात्यावर बसलेल्या बाईने त्याच चालीत किती नव्या ओव्या रचल्या असतील, त्याची गणतीच नाही.

मग अडचण काय? पिन दोन्हीकडे आहे, पण आकार वेगळा.

आता बोटांनी ठेका धरा. ‘अमेझिंग’ हा शब्द म्हणा. पहिला ‘अ’ हलका, ‘मे’वर जोर. कॉमन मीटरच्या चालीही बहुधा अशाच चालतात. आधी हलकी पायरी, मग जड. इंग्रजीला हे सोपं जातं, कारण तिचे बारके शब्द आधी येतात. ‘टु द हाऊस’ म्हणताना ‘टु’ आणि ‘द’ हलक्या पायरीवर, ‘हाऊस’ जड पायरीवर. मराठीत तेच कसं म्हणतो? ‘घराला’. आपला बारका तुकडा, तो ‘ला’, शब्दाच्या शेपटीला लागतो. ने, ला, चा, त, हून, सगळे मागून येणारे.

आता मराठी ओळ त्या चालीत घाला. हलक्या पायरीवर ठेवायला आपल्याकडे ‘द’ नाही. मग तिथे येतं खऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर. ‘देवा’ म्हणायचं तर ‘दे’ घाईत निसटतो आणि ‘वा’वर सगळा जोर पडतो. ‘घराला’ म्हटलं तर ‘घ’ गेला वाऱ्यावर. अक्षरं मोजून बरोबर भरतात, पण ज्याला हाक मारायची त्या देवाचं नावच अडखळत येतं. भाषांतर करणाऱ्यांचा मराठीचा अभ्यास कमी होता असं नाही. चालच दुसऱ्या भाषेच्या मापाने शिवलेली होती.

आता विचार करा, हे गाणार कोण होतं? नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती झालेली माणसं. त्यातले बरेच जण जातीच्या उतरंडीत तळाशी ढकललेले. आयुष्यात त्यांना फार थोडं मिळालं होतं, पण एकतारी, टाळ, भजन, अभंग हे त्यांचं स्वतःचं होतं. धर्म बदलल्यावर गळाही बदलायचा का, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. काही मिशनरींना भजनाच्या चाली जुन्या धर्माच्या वाटायच्या, म्हणून नको असायच्या. पण त्या चाली गेल्या असत्या, तर या माणसांच्या हातात परक्या चालीचं एक पुस्तक तेवढं उरलं असतं.

टिळकांचं उत्तर कवीचं होतं. त्यांनी वाद कमी घातला आणि गाणी जास्त लिहिली. ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, पदांत आणली. कीर्तन केलं, भजन केलं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती लोकांचं गीतांचं पुस्तक. त्यात टिळकांची गीतं अडीचशेच्या आसपास आहेत. एका माणसाने एका समाजाचा रविवार भरून टाकला म्हणा ना.

पण गोष्ट ‘इंग्रजी गेलं, मराठी आलं’ इतकी सरळ नाही. इंग्रजी गाण्याकडून मराठीला मिळालेल्या गोष्टीही बघा. भजनात एक बुवा पुढे म्हणतो आणि टाळकरी मागून झेलतात. प्रार्थनागीत सगळे एकदम म्हणतात. बाई, बाप्या, पोरं, पहिल्या शब्दापासून. हातात छापील पुस्तक असतं. ही सवय राहिली. इंग्रजी चालींची गीतंही पुस्तकात राहिली. आणि आपली पेटी? हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये निघालं. युरोपात ती पायाने भाता मारून वाजवायचे. आपल्याकडे ती जमिनीवर आली, हाताने भाता मारायची झाली. आज मोहाडीत देवळात भजन असो की चर्चमध्ये प्रार्थना, पेटी तीच. तिला कोणी परकी म्हणत नाही.

याच काळात इंग्रजी कविता दुसऱ्या वाटेनेही मराठीत येत होती. केशवसुत शिकायला काही काळ नागपुरात होते. तिथे त्यांची टिळकांशी ओळख झाली होती. १८९२ च्या सुमारास केशवसुतांनी इंग्रजी सॉनेटवरून चौदा ओळींची कविता मराठीत आणली. तिलाच आपण पुढे सुनीत म्हणू लागलो. केशवसुतांकडे इंग्रजी आली ती पुस्तकाच्या पानावरून. तिथे चौदा ओळी मोजता येतात, यमकं मांडता येतात, वाचणारा थांबू शकतो. टिळकांकडे इंग्रजी आली ती गळ्यातून. गाण्यात चूक झाली तर चाळीस माणसं एकाच वेळी अडखळतात. म्हणून टिळकांना मापाबद्दल जास्त काटेकोर व्हावं लागलं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. निकोल मॅक्निकल नावाचे स्कॉटिश मिशनरी होते, संतकवितेचे अभ्यासक. त्यांनी टिळकांची काही गीतं इंग्रजीत नेली. त्यातलं एक इंग्रजी प्रार्थनागीतांच्या पुस्तकांत छापलं गेलं, आणि माप कोणतं माहितीये? कॉमन मीटर. ८, ६, ८, ६. म्हणजे मराठीत उगवलेलं गाणं इंग्रजीत गेलं तेव्हा त्याने तिथला सदरा घातला. मॅक्निकलनी इंग्रज गाणाऱ्यांवर अभंगाची चाल लादली नाही. भाव नेला आणि माप जिथलं तिथलं ठेवलं. टिळकांनी उलट्या दिशेने जे केलं होतं, तेच.

टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते. ९ मे १९१९ ला ते गेले. ओवीत लिहायला घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनी. ओवी त्यांना कुणी शिकवावी लागली नसणार.

हे सगळं आज का सांगतोय? कारण तुमच्यातले कितीतरी जण इंग्रजी बीट डाउनलोड करून त्यावर मराठी रॅप लिहिता. इंग्रजी गाण्याचं मराठी व्हर्जन रील म्हणून टाकता. टाका, बिनधास्त टाका. फक्त रेकॉर्ड करायच्या आधी एकदा बोटांनी ठेका धरा आणि बघा, जोर कुठे पडतोय. ‘घराला’मधल्या ‘घ’वर, की ‘ला’वर? ‘ला’वर पडत असेल तर तुमच्या शब्दांत खोट नाही. बीटची पहिली मात्रा मोकळी सोडा आणि शब्द पुढच्या ठोक्यावर आणा. ओळ लगेच आपली वाटायला लागेल.

आणि पुढच्या वेळी वरठीहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर समोरच्या माणसाशी दोन शब्द बोला. कवितेवरून सुरुवात केलीत तरी चालेल.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात देवळात किंवा चर्चमध्ये एखादं जुनं गाणं अनोळखी चालीत म्हणत असतील, तर रेकॉर्ड करून ठेवा, म्हणणाऱ्यांना विचारूनच. भेटू पुढच्या भागात.