आवृत्तीबदल आणि मागील सुसंगतता (पायथन)

संगणकभाषेची नवी आवृत्ती आल्यावरही जुना प्रोग्रॅम न बदलता चालणे, याला मागील सुसंगतता (बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी) म्हणतात. गीडो व्हान रॉसम यांच्या पायथन भाषेने ३ डिसेंबर २००८ रोजी ३.० आवृत्ती आणताना ही सुसंगतता जाणूनबुजून मोडली. त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे मजकूर हाताळण्याची पद्धत. मराठीचा संबंध इथेच येतो.

उदाहरण घेऊ: शिरूर तालुक्यातील, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे गाव ‘वढू बुद्रुक’. काना-मात्रा व हलन्त वेगळे धरले तर युनिकोडमध्ये या नावात १० देवनागरी चिन्हे आणि एक मोकळी जागा, अशी ११ चिन्हे होतात. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, मोकळ्या जागेला १. पायथन २ बाइट मोजून साध्या अवतरणातल्या या नावाची लांबी ३१ सांगते, पायथन ३ चिन्हे मोजून सांगते ११. पहिले पाच घटक कापले तर पायथन ३ मध्ये ‘वढू ब’ मिळते. पायथन २ मध्ये ‘व’ आणि पुढे ‘ढ’चे दोन तुटके बाइट. पायथन २ मध्ये युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकार होता, पण तो साध्या मजकुरात मिसळला तर इंग्रजी नावांवर सारे सुरळीत चाले आणि पहिले देवनागरी नाव येताच प्रोग्रॅम कोसळे. मराठीपुरते बोलायचे तर ही मोडतोड आवश्यकच होती.

त्रास झाला तो स्थलांतरात. पायथन ३ मध्ये ‘प्रिंट’ला कंस नसेल तर प्रोग्रॅम लगेच अडतो, चूक दिसते, दुरुस्त होते. भागाकार मात्र गुपचूप बदलला: ७ भागिले २ चे उत्तर आधी ३ येई, आता ३.५ येते. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये असा बदल जास्त घातक. ‘टू-टू-थ्री’ हे साधन वाक्यरचना बदलून देई. पण एखादा मजकूर अक्षरांचा आहे की नुसत्या बाइटांचा, हे माणसालाच ठरवावे लागे. त्यामुळे २.७ आवृत्तीच्या देखभालीची २०१५ ची मुदत वाढवून १ जानेवारी २०२० करावी लागली.

जुने जपण्याचीही किंमत असते. ‘दऱ्या’तला अर्धा र युनिकोड २.० मध्ये र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने लिहीत. पुढे ऱ आणि हलन्त ही रीत ठरली, पण जुनीही चालू ठेवली. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, साध्या शोधात मात्र जुळत नाहीत.

म्हणून जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेताना चाचणीत इंग्रजीबरोबर खरी मराठी गावनावेही घालावीत.