सुरतेची हृदये, मुंबईचे रुग्ण

सततचा भार पडला की हृदयाचा स्नायू आपली घडण बदलतो. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या हृदयाचा डावा कप्पा प्रशस्त होतो, भिंतही त्या मानाने जाड होते आणि दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडते. स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्येच बर्फावरच्या शर्यतपटूंची छाती बोटांनी ठोकून ही वाढ ओळखली होती. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी या विकारातही कप्पा मोठाच होतो, पण भिंत ताणली जाते आणि आकुंचनातला जोर जातो. व्यायाम सुटला की खेळाडूचे हृदय बरेचसे मूळपदावर येते. विकार बळावलेल्या रुग्णाला मात्र औषधे पुरेनाशी झाली की बहुधा दुसऱ्याच्या हृदयाचीच वाट पाहावी लागते.

मुंबईत हृदय प्रत्यारोपणाचा प्रयत्न फार लवकर झाला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या मानवी हृदय प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बसवले. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये झाला, त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश आले. मुंबईला मात्र ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला. तेव्हा मुलुंडच्या रुग्णालयात बसवलेले हृदय पुण्याहून आले होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरतेहून हृदय आले. सुरतेत दाते मिळत होते, कारण नीलेश मांडलेवाला यांची ‘डोनेट लाइफ’ ही संस्था अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलत होती. हे काम शस्त्रक्रियेपेक्षा सोपे मानण्याचे कारण नाही. प्रत्यारोपणाची सोय मात्र मुंबईत होती, सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर. पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने थांबवलेला स्नायू साधारण चार तासच सुरक्षित राहतो. म्हणून विमान, आणि दोन्ही शहरांत पोलिसांनी मोकळा केलेला रस्ता. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतेच्या चौदा महिन्यांच्या बाळाचे हृदय नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला मिळाले. इतक्या लहान वयात बसवलेले हृदय मुलाच्या शरीराबरोबर वाढते. दरम्यान अहमदाबादेतही प्रत्यारोपणे सुरू झाली आणि सुरतेची काही हृदये तिकडे जाऊ लागली.

बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. व्हेगस नसेचा लगाम नसल्याने विश्रांतीतही नाडी बरीच जलद, बहुधा नव्वदच्या पुढे राहते. जिना चढू लागले तरी ती लगेच वाढत नाही. आधी पायांकडून परतणाऱ्या वाढीव रक्ताने स्नायू ताणला जातो आणि त्यामुळेच जोराने आकुंचन पावतो; रक्तात ॲड्रेनलिन चढल्यावर काही मिनिटांनी ठोके वाढतात, आणि थांबल्यावर ते उतरतातही सावकाश. या हृदयाला रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखण्याचा इशारा बहुधा मिळत नाही, त्यामुळे तपासण्या आयुष्यभर चालतात. काही रुग्णांत काही वर्षांनंतर नसा अंशतः पुन्हा रुजतात, पण सर्वांत नाही. ठोके असे उशिरा चढत-उतरत असल्याने प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना व्यायामाची सुरुवात आणि शेवट दोन्ही सावकाश करायला सांगतात.