अबादानचं तेल, नतान्झचं युरेनियम

१९५२च्या जूनमध्ये ‘रोझ मेरी’ नावाचं एक छोटं टँकर जहाज इराणच्या किनाऱ्यावर तेल भरून इटलीकडे निघालं. तेल इराणच्या जमिनीतलं होतं. इराणच्या सरकारी कंपनीने ते विकलं होतं आणि एका इटालियन कंपनीने विकत घेतलं होतं. तरीही अरबी द्वीपकल्पाला वळसा घालताना ब्रिटिश विमानं जहाजाच्या डोक्यावर आली आणि त्याला एडनच्या बंदरात शिरावं लागलं. एडन तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. ब्रिटिश मालकीच्या अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीने तिथल्या न्यायालयात दावा लावला, की जहाजाच्या पोटातलं तेल आमच्या मालकीचं आहे. १९५३च्या जानेवारीत निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

इराणच्या अणुकार्यक्रमाचा वाद सांगताना सुरुवात बहुधा २००२ सालापासून होते. अमेरिकेत तेहरानच्या वकिलातीतल्या १९७९च्या ओलिसांची आठवण निघते. इराणी माणूस मात्र मोजायला लागतो तो तेलापासून. एखाद्या देशाच्या मालाला गिऱ्हाईक मिळू द्यायचं नाही, जहाज मिळू द्यायचं नाही आणि पैसे पोचू द्यायचे नाहीत, ही युक्ती इराणवर प्रथम वापरली गेली तेव्हा त्या देशात एकही अणुभट्टी नव्हती.

२८ मे १९०१ रोजी मुझफ्फरुद्दीन शहाने विल्यम नॉक्स डार्सी या धनिकाला तेल शोधण्याचा मक्ता दिला. डार्सीने ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीत पैसा कमावला होता आणि इराणमध्ये त्याने कधीच पाऊल ठेवलं नाही. उत्तरेकडचे पाच प्रांत वगळता सगळा देश साठ वर्षांसाठी त्याला मिळाला. मोबदल्यात रोख २०,००० पौंड, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि निव्वळ नफ्याचा १६ टक्के वाटा. सात वर्षांनी, २६ मे १९०८ला, खुजिस्तानातल्या मस्जिद-ए-सुलेमान इथे तेलाचा फवारा उडाला. विहिरीच्या पहाऱ्याला हिंदुस्थानातून आणलेल्या घोडदळाची तुकडी होती. १९१४मध्ये, महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधी, चर्चिलच्या आग्रहावरून ब्रिटिश सरकारने या मक्त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे, म्हणजे पुढच्या अँग्लो-इराणियनचे, बहुसंख्य शेअर विकत घेतले. कोळशावरून तेलावर आलेल्या ब्रिटिश आरमाराचं इंधन आता सरकारच्याच मुठीत आलं.

कंपनीची अबादानची रिफायनरी पुढे जगातली सर्वांत मोठी ठरली. ती उभारण्यात आणि चालवण्यात हिंदी हातांचा वाटा फार मोठा होता. रंगूनच्या रिफायनरीत तयार झालेले कारागीर आणि मुंबई-कराचीहून भरती झालेले फिटर, कारकून, मजूर तिथे जात. त्यांनी बांधलेली ‘रंगूनवाल्यांची मशीद’ अबादानमध्ये आजही उभी आहे. १९२० आणि १९२२मध्ये याच हिंदी कामगारांनी पगारासाठी संप केले. इराणी मजूर उतरंडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होता. साहेबांच्या बंगल्यांना हिरवळ, क्लब आणि पोहण्याचे तलाव होते. मजुरांच्या एका वस्तीचं नावच ‘कागजाबाद’, म्हणजे कागदाचं गाव, पडलं होतं. तेलाचा राग या वस्त्यांत मुरला. तो कोणा पुढाऱ्याने बाहेरून आणून घातला नव्हता.

मार्च १९५१मध्ये इराणच्या मजलिसने तेलउद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि एप्रिलच्या अखेरीस मोहम्मद मोसाद्देक पंतप्रधान झाले. ऑक्टोबरमध्ये अबादानमधले शेवटचे ब्रिटिश कर्मचारी ‘मॉरिशस’ या युद्धनौकेतून बसऱ्याला निघून गेले. मग नाकेबंदी सुरू झाली. बड्या तेल कंपन्यांनी इराणी तेलाकडे पाठ फिरवली. टँकर मिळेनात. जो कोणी तेल घेईल त्याला कोर्टात खेचू, अशी धमकी अँग्लो-इराणियनने दिली. १९५०मध्ये इराण दिवसाला साडेसहा लाखांहून अधिक पिंपं तेल काढत होता. १९५२मध्ये हा आकडा वीस हजारांच्या आसपास आला.

कायदा सर्वस्वी ब्रिटिशांच्या बाजूने होता असंही नव्हे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै १९५२मध्ये सांगून टाकलं, की हा खटला आमच्या अधिकारकक्षेत येत नाही. १९५३मध्ये जपानी तेल व्यावसायिक साझो इदेमित्सु यांनी ‘निश्शो मारू’ हा टँकर गुपचूप अबादानला पाठवला. एप्रिलमध्ये तो धक्क्याला लागला तेव्हा बातमी फुटली. परतीच्या वाटेवर सिंगापूरचा ब्रिटिश तळ टाळून त्याने मे महिन्यात कावासाकी गाठलं. अँग्लो-इराणियन टोकियोच्या न्यायालयात गेली आणि हरली. एकाच मालाला एडनमध्ये चोरीचा ठरवलं गेलं आणि जपानमध्ये तो विनाअडथळा उतरला.

पण एका टँकरने देशाचा खजिना भरत नाही. १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचरांनी आखलेल्या उठावात मोसाद्देक यांचं सरकार पडलं. आपल्या या सहभागाची कागदोपत्री कबुली सीआयएने २०१३मध्ये दिली. १९५४मध्ये तेल एका नव्या गटाकडे गेलं. त्यात जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के आणि अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के वाटा होता, उरलेला शेल आणि फ्रेंच कंपनीत वाटला गेला.

उठावाच्या त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत ‘शांततेसाठी अणू’चं भाषण केलं. इराण या योजनेच्या पहिल्या लाभार्थ्यांपैकी एक ठरला. अमेरिका-इराण अणुसहकार्य करारावर ५ मार्च १९५७ला सह्या झाल्या. बरोबर दहा वर्षांनी, ५ मार्च १९६७ला, इराणमधल्याच अहमदाबाद या आपल्या गावी नजरकैदेत असलेल्या मोसाद्देक यांचं निधन झालं. त्याच वर्षी अमेरिकेने दिलेली पाच मेगावॉटची संशोधन भट्टी तेहरानमध्ये चालू झाली. तिचं इंधन ९३ टक्के समृद्ध युरेनियमचं होतं. पुढे ज्या शब्दावरून जग हादरलं, ते समृद्ध युरेनियम इराणला प्रथम अमेरिकेनेच दिलं होतं.

इराणने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर १९६८मध्ये सही केली आणि १९७०मध्ये त्याला मंजुरी दिली. डिसेंबर १९७३मध्ये तेहरानमध्येच झालेल्या बैठकीत आखाती देशांनी तेलाचा भाव पिंपाला ११.६५ डॉलर ठरवला आणि इराणच्या तेव्हाच्या शहाच्या हाती अमाप पैसा आला. तेल जाळून टाकण्याइतकं स्वस्त नाही, वीज अणूपासून करावी, असं तो म्हणू लागला. १९७४मध्ये अकबर एतेमाद यांच्या नेतृत्वाखाली अणुऊर्जा संघटना स्थापन झाली आणि २३,००० मेगावॉटचं स्वप्न जाहीर झालं. बुशेहरला दोन भट्ट्या बांधायला क्राफ्टवेर्क युनियन ही जर्मन कंपनी आली. फ्रान्समधल्या युरोडिफ या युरेनियम समृद्धीकरणाच्या प्रकल्पात इराणने दहा टक्के हिस्सा घेतला आणि एक अब्ज डॉलर कर्जाऊ दिले.

या युरोडिफच्या प्रकरणाकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, आणि ते द्यायला हवं. १९७९च्या क्रांतीनंतर इराणला तिथून युरेनियम मिळालंच नाही. पैशाचा वाद १९९१पर्यंत चालला. जर्मन कंपनी बुशेहर अर्धवट सोडून गेली. इराकशी झालेल्या युद्धात तिथल्या सांगाड्यांवर इराकी विमानांनी अनेकदा बॉम्ब टाकले. १९९५मध्ये रशियाने काम हाती घेतलं आणि बुशेहरची वीज लोकांच्या घरात पोचली सप्टेंबर २०११मध्ये, पहिला करार झाल्यानंतर छत्तीस वर्षांनी. इंधन दुसऱ्याकडून घ्या, स्वतः समृद्ध करू नका, असं युरोपीय मुत्सद्दी सांगतात तेव्हा तेहरानचे वाटाघाटी करणारे युरोडिफचं नाव घेतात. ती तक्रार खरी आहे.

आणि इराणने दडवादडवी केली, हेही तितकंच खरं आहे. ऑगस्ट २००२मध्ये निर्वासित विरोधी गटाने नतान्झ आणि अराक इथली गुप्त अणुप्रकल्पांची कामं उघड केली. इराणने अठरा वर्षं सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचा, कार्यक्रम लपवला होता, असा अहवाल आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००३मध्ये दिला. यंत्रांचे आराखडे पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्यातून आले होते. अण्वस्त्राशी संबंधित कामं २००३अखेरपर्यंत संघटितपणे चालू होती, असा निष्कर्ष संस्थेने २०१५मध्ये नोंदवला. २००९मध्ये कोमजवळ डोंगराच्या पोटात खोदलेलं फोर्दोचं समृद्धीकरण केंद्र उघड झालं. फसवले गेलो ही भावना दोन्हीकडे पुराव्यासकट आहे, म्हणून तर हा वाद इतका चिवट झाला आहे.

त्यावर उपाय म्हणून निघाली तीच १९५१ची हत्यारं, जास्त धारदार करून. त्यांची झळ मुंबईपर्यंत आली. इराण तेव्हा सौदी अरेबियाच्या खालोखाल भारताचा मोठा तेलपुरवठादार होता आणि पैसे ‘एशियन क्लिअरिंग युनियन’ या तेहरानमध्येच मुख्यालय असलेल्या व्यवस्थेतून जात. डिसेंबर २०१०मध्ये रिझर्व्ह बँकेने ती वाट बंद केली. मग तुर्कस्तानच्या बँकेतून पैसे पाठवण्याची खटपट झाली. २०१२पासून तेलाच्या किमतीचा ४५ टक्के भाग रुपयांत, युको बँकेतल्या खात्यात जमा होऊ लागला. त्या रुपयांतून इराण बासमती घेई. त्याच वर्षी १ जुलैपासून युरोपीय संघाने इराणी तेल वाहणाऱ्या जहाजांचा विमा बंद केला. बहुतेक टँकरांचा विमा युरोपातच उतरत असे, त्यामुळे हा घाव वर्मी लागला. ऑगस्टमध्ये ‘ओमवती प्रेम’ हे जहाज भारतीय विम्यावर इराणी तेल घेऊन मंगळूरच्या रिफायनरीसाठी आलं. १९५२मध्ये जे काम ब्रिटिश विमानांनी केलं, ते आता विम्याच्या कागदाने होत होतं.

१४ जुलै २०१५ला व्हिएन्नात इराणशी अणुकरार झाला. समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंत, साठा ३०० किलोपर्यंत, त्या बदल्यात निर्बंध सैल. ८ मे २०१८ला डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेला त्यातून बाहेर काढलं. मे २०१९मध्ये पुन्हा लागलेल्या अमेरिकी निर्बंधांतून भारतासह काही देशांना मिळालेली सूट संपली आणि आपल्या रिफायनऱ्यांनी इराणी तेल घेणं थांबवलं. एप्रिल २०२१मध्ये इराणने ६० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण सुरू केलं. १३ जून २०२५ला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले आणि २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ व इस्फहानवर बॉम्ब टाकले. सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध पुन्हा लागू झाले. तेल मात्र वाहतच राहिलं. मलेशियाजवळ भर समुद्रात ते एका जहाजातून दुसऱ्यात चढतं आणि नाव बदलून चीनच्या छोट्या रिफायनऱ्यांकडे जातं.

या सगळ्यात डेकवर उभ्या असलेल्या माणसाचा विचार फार कमी होतो. ४ जुलै २०१९ला जिब्राल्टरजवळ ब्रिटिश मरीन सैनिकांच्या मदतीने ‘ग्रेस वन’ हे जहाज अडवलं गेलं. त्यात २१ लाख पिंपं इराणी तेल होतं. ते युरोपीय निर्बंध मोडून सीरियाला चाललंय, असा आरोप होता. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पंधरा दिवसांनी इराणने होर्मुझमध्ये ‘स्टेना इम्पेरो’ हे ब्रिटिश झेंड्याचं जहाज धरलं. त्यावरच्या २३ जणांपैकी १८ भारतीय. देशोदेशीच्या भांडणात दोन्ही जहाजांवर आपलीच माणसं अडकली होती आणि त्यांच्या घरचे फोनकडे डोळे लावून बसले होते.

ऑगस्टमध्ये ‘ग्रेस वन’ सुटलं. त्याच्या अंगावर ‘एड्रियन दर्या’ हे नवं नाव रंगवलं गेलं. जहाज भूमध्य समुद्रात असताना त्याच्या नव्या भारतीय कप्तानाला अमेरिकी परराष्ट्र खात्याचा ई-मेल आला. आम्हाला जप्त करता येईल अशा ठिकाणी जहाज आणा, लाखो डॉलर मिळतील, असा त्याचा आशय होता. कप्तानाने ते मान्य केलं नाही. ३० ऑगस्टला अमेरिकेच्या अर्थखात्याने जहाजाला काळ्या यादीत टाकलं आणि त्याच आदेशात कप्तानाचंही नाव घातलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सीरियाच्या किनाऱ्याजवळ जहाजाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद झालं.