शिक्षक खाली उतरतो तेव्हा

उद्या शेवगावच्या स्टँडवर लेकीला पुण्याच्या एसटीत बसवून मी खाली उतरणार. शिकायला चाललीय. आज सारखे जेआरडी टाटा आठवताहेत!

विमान शिकवणारा एक दिवस खाली उतरतो आणि म्हणतो, जा एकटा. त्याचं वजन गेल्यामुळे विमान चटकन वर उचलतं... पण चूक सावरायला सोबत कुणी नसतं.

जेआरडी हे मुंबईत शिकले. १० फेब्रुवारी १९२९ला, २४व्या वर्षी, भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ला ते टपाल घेऊन कराचीहून जुहूला एकटेच आले. आणि १९८२ साली, ७८व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा एकट्याने!

शिकवणाऱ्याने वेळेवर उतरायला हवं, हेच खरं. उद्या जमेल ना मला?