श्यामचें स्नान

आमच्या लहानपणीं इचलकरंजीच्या घरीं ‘श्यामची आई’ हें पुस्तक मोठ्यानें वाचलें जाई आणि ऐकणारांचे डोळे पाणावत. त्याच घरांत मागल्या दारच्या कोनाड्यांत एक कपबशी निराळी ठेवलेली असे. ती कोणासाठीं, हें आम्हां मुलांना कोणी सांगितलें नव्हतें. पण ठाऊक मात्र होतें. विठ्ठलराव दातारांनीं १९०४ सालीं येथें पहिला यंत्रमाग आणला, तेव्हांपासून नाना जातींचे हात या गांवीं एका धंद्यांत आले. कपबशा एका ठिकाणीं येण्यास मात्र फार काळ लागला.

साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. त्यांत एक प्रसंग असा आहे कीं, एका वृद्ध महार स्त्रीची लांकडांची मोळी खालीं पडते. ती अशक्त, हात लावावयास कोणी पुढें येत नाहीं. श्यामची आई मुलाला मोळी उचलून देण्यास सांगते, आणि घरीं आल्यावर स्नान कर म्हणजे झालें, असेंही सांगते. मुलगा लोकांच्या टीकेला भितो, तरी जातो.

या स्नानाकडे बहुतेक वाचकांचें लक्ष जात नाहीं. आमचेंही कित्येक वर्षें गेलें नव्हतें. आईची करुणा खरी आहे. परंतु ती रूढीशीं भांडत नाहीं, तिच्यांतून वाट काढते. मोळी उचलली जाते, विटाळ मात्र जागच्या जागीं राहतो. कोणी म्हणेल, हा लेखकाचा दोष. आम्हांस तसें वाटत नाहीं. गुरुजींनीं तें स्नान गाळलें असतें, तर आई अधिक निर्मळ दिसली असती. पण त्या काळचें खरें घर दिसलें नसतें. मुलें पूर्वग्रह आणि माया बहुधा एकाच हातून घेतात. त्यांतलें काय ठेवावें व काय टाकावें, हें त्यांचें त्यांनाच पुढें ठरवावें लागतें.

मात्र ही गोष्ट मोळी उचलणाराची आहे. दुसऱ्या बाजूचें मूलही पाहिलें पाहिजे. १९०१ सालीं साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगांवास निघालेला दहा वर्षांचा भीमराव मसूर स्थानकावर उतरला. जात कळतांच गाडीवान त्याला व सोबतच्या मुलांना नेईनात. अखेर दुप्पट भाडें घेऊन एकजण तयार झाला. तोही अशा अटीवर कीं, बैल मुलांनींच हांकावे. जवळ अन्न होतें, पण रात्रभर पाणी कोणी दिलें नाहीं. हें कादंबरींतलें नव्हे, आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेविलेलें आहे. सहानुभूति शिकण्याचा प्रश्न या मुलापुढें नव्हताच. त्याला तहान होती. पुढें १९२० च्या मार्चमध्यें आमच्या शेजारच्या माणगांवच्या परिषदेचे तेच अध्यक्ष झाले, आणि छत्रपति शाहू महाराजांनीं तेथें येऊन, तुम्हांला तुमचा पुढारी लाभला, असें जमलेल्या लोकांना सांगितलें. तेथें कोणी कोणाची मोळी उचलून देत नव्हतें. लोक आपलें ओझें आपणच मोजीत होते.

श्यामचेंही शिक्षण त्या स्नानापाशीं संपलें नाहीं. १९४७ च्या मे महिन्यांत गुरुजींनीं पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें आणि मंदिर उघडलें. आईनें दाखविलेली वाट मुलगा आईच्या पुढें चालला. आईचा मान राखण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या घरची ती कपबशी कोणी फोडली नाहीं, कीं तिच्यावरून वादही झाला नाहीं. एके दिवशीं ती कोनाड्यांत दिसेनाशी झाली, इतकेंच. तिच्याबद्दल आम्हीं तेव्हां कोणाला एक शब्दही विचारला नाहीं, आणि पुस्तक ऐकतांना डोळे पुसणारांत आम्हीही होतों. मुलांच्या हातीं हें पुस्तक देतांना तें स्नान वगळूं नये, आणि मूल त्याविषयीं विचारील तर उत्तर टाळूं नये, एवढें मात्र आतां आम्हांस कळतें.